टांकसाळीचं चांदवड

नाशिकहून साधारण 65 किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत चांदवड आहे. सोन्या-चांदीची खाण इथे नव्हती. होळकरांची टांकसाळ होती, आणि चांदवडी रुपयाने गावाचं नाव दूरवर नेलं. नवव्या शतकातल्या यादव घराण्याच्या मूळपुरुषाची, दृढप्रहाराची राजधानी चंद्रादित्यपूर ती हीच, असं अनेक अभ्यासक मानतात. मोगलांनी गावाला जाफराबाद म्हटलं, पण ‘चांदोर’ हे जुनं नाव पुसलं गेलं नाही. होळकरांच्या रुपयांवर शाह आलम बादशहाचं नाव आणि फारसीत ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असा ठसा आहे. एका नाण्यावर गावाची दोन्ही नावं! होळकरांचा इथला वाडा, रंगमहाल, पाहायला येणाऱ्यांनी हा रुपयाही आवर्जून पाहावा. 1818 मध्ये चांदवड इंग्रजांकडे गेलं. त्यांच्या दप्तरात ‘चांदोर’च राहिलं.