कपाळावरची जखम आणि वाटीभर तेल

सुपरहिरोच्या सिनेमात गुन्हेगारालाच पहारेकरी केलं तर? ‘कल्की २८९८ एडी’तला अश्वत्थामा आणि आमच्या भंडारा जिल्ह्यात आजीच्या गोष्टीतून दारावर येणारा अश्वत्थामा, दोघेही एकच अवघड प्रश्न विचारतात. उत्तरं मात्र वेगळी देतात.

सुपरहिरोच्या सिनेमाचा फंडा सोपा असतो. केपवाला चांगला, त्याच्यासमोरचा वाईट. पॉपकॉर्न संपेपर्यंत जग वाचतं आणि सोमवारी आपण पुन्हा ऑफिसात. धर्माची चिन्हं असलीच तर ती बहुधा चांगल्याच्या वाट्याला येतात. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये सुपरमॅन पृथ्वीवर ३३ वर्षं झाल्याचं सांगतो आणि यानातून बाहेर पडताना दोन्ही हात क्रूसासारखे पसरतो. येशू आठवावा म्हणून दिग्दर्शकाने केलेली धडपड मागच्या रांगेतूनही दिसते.

२७ जून २०२४ ला आलेल्या नाग अश्विनच्या ‘कल्की’मध्येही उडत्या गाड्या आहेत, लेझर आहेत, आपटाआपटी आहे. पण तिथलं सगळ्यात ठसठशीत धार्मिक चिन्ह आहे कपाळावरची जखम, आणि ती आहे एका खुन्याच्या कपाळावर.

फ्लॅशबॅक

अश्वत्थाम्याची पहिली गोष्ट आपण शाळेतच ऐकलेली असते. गरीब द्रोणाच्या पोराला दूध माहीत नाही, म्हणून पाण्यात पीठ कालवून दिलं आणि तो दूध प्यायलो म्हणून नाचला. पुढे युद्धात त्याच पोराच्या नावाचा हत्ती मारून बापाला अर्धसत्य ऐकवलं गेलं. द्रोणाने शस्त्र टाकलं आणि तो मारला गेला. इथपर्यंत आपण पूर्णपणे अश्वत्थाम्याच्या बाजूने.

मग अठराव्या दिवसानंतरची रात्र येते. वडाच्या झाडावर झोपलेले कावळे एक घुबड मारताना त्याला दिसतं आणि आयडिया मिळते. तो छावणीत शिरून झोपलेल्यांना मारतो. द्रौपदीची पाचही मुलं त्यात संपतात. नंतर तो अस्त्र सोडतो ते थेट उत्तरेच्या गर्भावर. कृष्ण तो गर्भ वाचवतो. अश्वत्थाम्याला कपाळावरचा मणी द्यावा लागतो आणि वाहत्या जखमेनिशी एकटं भटकण्याचा शाप मिळतो.

गर्भाचा पहारेकरी

सिनेमाची खरी हुशारी इथे सुरू होते. २८९८ मध्ये सुप्रीम यास्किन नावाचा सत्ताधीश बायकांच्या गर्भातून स्वतःसाठी सीरम काढतोय. दीपिका पदुकोणच्या सुमतीच्या पोटात कल्की आहे. तिला वाचवायला उभा राहतो अमिताभ बच्चनचा अश्वत्थामा. ज्याने एका गर्भावर अस्त्र सोडलं, त्यानेच दुसऱ्या गर्भापुढे ढाल होऊन उभं राहायचं. शिक्षा गुन्ह्याच्या मापाने शिवलेली आहे, एकदम परफेक्ट फिटिंग.

दुसऱ्या बाजूला प्रभासचा भैरवा. नावाला हिरो, पण ‘कॉम्प्लेक्स’मध्ये, म्हणजे श्रीमंतांच्या हवेतल्या गेटेड सोसायटीत शिरायला युनिट्स हवेत म्हणून हा सुमतीलाच पकडून द्यायला निघालेला. आपल्यातल्या कुणालाही हा ओळखीचा वाटेल. शेवटी कळतं की तो कर्ण. ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आलं, तेव्हापासून मराठी घरांत कर्णाला सहानुभूतीची कमतरता कधी पडलेली नाही, त्यामुळे टाळ्या पक्क्या.

पण माझी तक्रार आहे ती अश्वत्थाम्याच्या बाबतीत. सिनेमा त्याला फार लवकर सुपरहिरो करून टाकतो. बच्चनचा आवाज, धिप्पाड देह, हाणामारी; पंधरा मिनिटांत आपण त्याचे फॅन. झोपेत मारलेली ती पाच मुलं आणि त्यांची आई कुठेच आडवी येत नाहीत. पराक्रम केला की खातं क्लिअर, असा तो हिशेब आहे. आपल्यालाही तो सोयीचा वाटतो.

नाव नाही विचारायचं

आमच्याकडचा अश्वत्थामा लढत नाही, तेल मागतो. कपाळावरची जखम भरत नाही म्हणून दारोदार फिरतो. माझी आजी सांगायची, ‘‘मांगतलं त देऊन टाकाचं. नाव नाई इचाराचं.’’ लहानपणी हे भुताच्या गोष्टीसारखं वाटायचं. आता त्यातली गोम लक्षात येते. या गोष्टीत परीक्षा अश्वत्थाम्याची नाहीच, घरातल्या बाईची आहे. समोरच्याने काय केलंय ते सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि तिच्या हातात तेलाची वाटी आहे.

ही गोष्ट एकट्या आजीची नाही. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, नंदुरबारच्या सातपुड्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे. दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातले आदिवासी भाविक तिथे पायी चढून जातात. अस्तंबा ऋषी म्हणजेच अश्वत्थामा, अशी श्रद्धा. तोही तेल मागत फिरतो आणि वाट चुकलेल्यांना वाट दाखवतो, असं मानतात. शाप सुटलेला नाही, पण माणसांनी त्याच्याशी बोलणंही सोडलेलं नाही.

गोष्टीतलं हे तेल खऱ्या आयुष्यात कसं दिसतं, ते मी आमच्या भागात पाहिलंय. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात, गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. अशाच एका गावात (नाव मुद्दाम देत नाही) एक माणूस शिक्षा भोगून परत आला. दारूच्या नशेत त्याच्या हातून सख्खा भाऊ गेला होता. त्याला काम कुणी द्यायचं यावर गावात बरेच दिवस कुजबुज झाली. शेवटी नाटकाच्या मंडळाने त्याला मंडपाच्या कामावर घेतलं. प्रेक्षकांना बसायला शेतात उताराची जागा खणायची, बल्ल्या रोवायच्या, पडदे बांधायचे.

तो हे सगळं करतो आणि नांदी सुरू व्हायच्या आत निघून जातो, कारण समोर बायकांमध्ये त्याची वहिनी बसलेली असते. ती त्याच्याशी बोलत नाही आणि बोल म्हणून तिला कुणी सांगतही नाही. गावाने दिलेलं काम हे गावाचं तेल. वहिनीच्या वाटणीचं द्यायचं की नाही, ते फक्त तिने ठरवायचं.

‘कल्की’ला जे जमलं नाही ते मला इथे दिसलं. गुन्हा पुसला नाही, माणूसही पुसला नाही. यासाठी कुणाला सुपरपॉवर लागली नाही. लागली ती कटकट सोसायची तयारी, आणि ती दर वर्षी नव्याने लागते.

आपल्या एसी ऑफिसांतही असे अश्वत्थामे असतात, लहान साइजचे. खोटी बिलं लावून नोकरी घालवलेला एखादा, दोन वर्षांनी ‘रेफरन्स देशील का?’ असा मेसेज टाकतो. निळ्या टिक्स पडतात आणि आपण फोन उलटा ठेवतो. रेफरन्स द्यायलाच हवा असं मी म्हणत नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. पण ज्याचं काहीच गेलेलं नाही, त्याने निदान दार उघडून बघायला हरकत नसावी. वाटीभरच तर मागतोय.