वावडे ठरवण्याआधी

‘वावडे’ हा आपल्या भाषेतला मोठा बोलका शब्द. कुणाला वांग्याचे वावडे, कुणाला शिस्तीचे. डॉक्टर ज्याला ॲलर्जी म्हणतात, तिलाही हाच शब्द चालतो. मात्र तान्ह्या बाळाच्या बाबतीत तो उच्चारताना जरा थांबावे. एकदा फाइलवर लिहिला गेला, की तो त्या मुलाला म्हातारपणापर्यंत चिकटू शकतो.

खराडीसारख्या उपनगरात हे चित्र नेहमीचे आहे. आईवडील नोकरीला, बाळाजवळ गावाहून आलेली आजी. बाळाचा कान दुखतो, ताप चढतो, डॉक्टर ॲमॉक्सिसिलिनचे पातळ औषध देतात. पाचव्या दिवशी पोटावर लाल पुरळ दिसते. आजी म्हणते, उष्णता बाहेर पडली. शेजारीण म्हणते, गोवर असेल. आई औषधाच्या बाटलीकडे संशयाने पाहते.

ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातले. पुण्याजवळच पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलिन आपल्या देशात बनू लागले. या कुळाने असंख्य जीव वाचवले. तरी काही थोड्यांच्या शरीराला ते खरोखरच सोसत नाही.

धोक्याचे वावडे बहुधा डोस दिल्यापासून तासाभरात दिसते. अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, ओठ आणि पापण्या सुजतात. बाळाला ‘खाजते’ असे सांगता येत नाही. ते नुसते किरकिरते. श्वास घरघरू लागला, लागोपाठ उलट्या झाल्या किंवा बाळ निपचित पडले, तर क्षणही दवडू नये. १०८ ला फोन करावा, जवळचे रुग्णालय गाठावे. तिथे मांडीत दिलेले ॲड्रिनलिनचे इंजेक्शन जीव वाचवते. काही दिवसांनी फोड आले, कातडी सुटू लागली, तोंडात व्रण पडले, तरी तितकीच घाई करावी.

पण चार-पाच दिवसांनी उठलेले सपाट लाल ठिपके, आणि बाळ मात्र हसते-खेळते, असे असेल तर? पुष्कळदा ते पुरळ औषधाचे नसते, ज्या विषाणूने ताप आणला त्याचे असते. औषधाने होणारे पातळ जुलाब हेही सहसा वावडे नसते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे असा संशय असलेल्या ८१८ मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली ॲमॉक्सिसिलिन पुन्हा दिले गेले. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ९४ टक्के मुलांना काहीही त्रास झाला नाही.

मग चुकीचा शिक्का बसला तर काय बिघडले? पुढे त्या मुलाला न्यूमोनिया झाला, तर साधे, स्वस्त आणि नेमके औषध बाजूला ठेवून डॉक्टरांना दुसरे, कधी महागडे, कधी अधिक त्रासदायक औषध शोधावे लागते. उलट, खरे वावडे नोंदवलेच नाही, तर तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने पुन्हा पोटात जाऊ शकते.

म्हणून पुरळ दिसताच पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मोबाइलवर फोटो काढावा. बाटली फेकू नये. तिच्यावर कंपनीचे नाव ठळक असते, औषधाचे मूळ नाव बारीक अक्षरात. ते मूळ नाव, कितवा डोस, किती वेळाने पुरळ आले, कधी गेले आणि सोबत कोणती औषधे चालू होती, एवढे तारखेसह लिहून ठेवावे. लसीकरणाच्या कार्डासोबत हा कागद जपावा.

घरी पुन्हा चमचाभर देऊन पाहण्याचा प्रयोग मात्र कधीही करू नये. ती परीक्षा ॲलर्जीतज्ज्ञ घेतात, आणि इंजेक्शन हाताशी ठेवून घेतात. खरे वावडेसुद्धा अनेकांच्या बाबतीत काही वर्षांनी ओसरते, तेव्हा मूल मोठे झाल्यावर पुन्हा विचारायला हरकत नाही.

तोवर संशय असेल, तर कागदावर ‘संशय’ असेच लिहावे. पुढच्या डॉक्टरांना त्या एका शब्दाचा मोठा उपयोग होतो.