डब्यावरची वेलांटी

बंगळुरूच्या बनशंकरीत राहणाऱ्या मराठी मुलाला मेट्रो स्थानकाची पाटी कन्नड आणि इंग्रजीत दिसते. देवनागरी भेटते ती बहुतेक घरातच. तेव्हा सराव स्वयंपाकघरातूनच सुरू करावा. डब्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावा: मीठ, गूळ, तूप. मग बोलता बोलता विचारा, ‘मिठाचा डबा कुठला?’ आणि तेही लिहायला सांगा. मीठ दीर्घ, मिठाचा ऱ्हस्व, गूळ-गुळाचा, तूप-तुपाचा. प्रत्यय लागला की पहिले अक्षर आखडते. नियम पाठ करण्याआधीच तो हाताला कळतो. (गुण, विष असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळातच ऱ्हस्व, ते पुढे शिकवता येतील.)

पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, पण लिहिताना आधी येते. कन्नडमध्ये तसे नाही, म्हणून ‘दिवा’ वाचताना मूल अडखळले तर रागावू नये. बोट ‘दि’ या अख्ख्या अक्षरावर ठेवावे.

गोष्टींसाठी बंगळुरूच्याच प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे. २०१५ पासून तिथे मराठी, कन्नड दोन्हींतल्या चित्रकथा फुकट मिळतात. रोज दहा मिनिटे पुरेत. तेवढ्या वेळात फोन मात्र आईबाबांच्याच हातात हवा.