चिंचोके, पत्ते आणि नातवंडांचे गणित

दिवेलागणीची वेळ. नातवंड पाढे म्हणता म्हणता 'सात आठे'पाशी अडखळते. घरातले कोणीतरी 'एवढेही येत नाही?' म्हणते आणि त्या इवल्या डोळ्यांत पाणी तरळते. विसरलेला पाढा पुन्हा पाठ करता येतो. मनात बसलेली गणिताची भीती मात्र सहजासहजी जात नाही. ती बसूच नये यासाठी घरात सर्वांत अधिक आपण करू शकता. कारण आपल्यापाशी वेळ आहे आणि परीक्षेची घाई नाही.

प्रारंभ मूठभर चिंचोक्यांनी करावा. दहा चिंचोके मोजून घ्या, काही मुठीत झाका आणि उरलेले समोर ठेवा. 'मुठीत किती?' एवढाच प्रश्न. बेरीज आणि वजाबाकी ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे मूल येथे न शिकवता शिकते. आपल्या बालपणीचा 'एकी की बेकी' हा खेळ म्हणजे समविषम संख्यांचा पहिला धडाच होय. घरात अगदी लहान भावंड असल्यास चिंचोके त्याच्या तोंडानाकापासून दूर ठेवावेत.

पत्त्यांतील एक्का ते नव्वा वेगळे काढून पालथे मांडा. दोन पाने उलटायची. बेरीज दहा झाली तर जोडी आपली. यात स्मरणशक्तीचाही कस लागतो, आणि तो आपलाही लागतो.

सापशिडीला केवळ करमणूक समजू नये. रॉबर्ट सीगलर व गीता रमाणी यांनी २००८ साली अमेरिकेत केलेल्या अभ्यासात, ओळीने अंक लिहिलेल्या पटावर खेळलेल्या बालवाडीच्या मुलांची संख्यांची समज सुधारल्याचे आढळले. मात्र सोंगटी पुढे नेताना 'एक, दोन, तीन' असे न मोजता घरातील अंक, म्हणजे 'सोळा, सतरा, अठरा', मोठ्याने म्हणावेत.

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची आठवण काढावी. त्यांनी १९४९ साली ६१७४ या अंकाची गंमत शोधली. तिचेच धाकटे रूप तीन अंकांचे. ३५२ घ्या. अंक उतरत्या क्रमाने ५३२, चढत्या क्रमाने २३५, वजाबाकी २९७. हीच रीत पुढे चालवली की ६९३, ५९४ आणि अखेर ४९५ येते. तेथून संख्या हलत नाही! तिन्ही अंक सारखे नसलेली कोणतीही संख्या घ्या, शेवट ४९५च. मध्येच ९९ आले तर ०९९ लिहून पुढे जावे. एरवी कंटाळवाणी वाटणारी वजाबाकी मूल येथे आपण होऊन चार वेळा करते.

काही पथ्ये पाळावीत. खेळ पंधरा-वीस मिनिटांचाच असावा. घड्याळ लावू नये. उत्तर चुकले तर 'चूक' न म्हणता 'कसे काढलेस?' असे विचारावे. सांगता सांगता मूल बहुधा स्वतःच सावरते. गुडघे दुखत असतील तर जमिनीवर बसण्याचा आग्रह नको. टेबल, पुरेसा उजेड आणि चष्मा जवळ असावा.

आणि अधूनमधून आपणही चुकावे, हवे तर मुद्दाम. 'आजी, तुझे चुकले!' असे ज्या दिवशी नातवंड हसत सांगेल, त्या दिवशी भीतीने घर सोडले असे समजावे.