वनस्पतिजन्य सेल्युलोजपासून रेयॉन : निर्मिती, उपयोग आणि मर्यादा

पुण्याच्या कापडबाजारात रेयॉनचे कापड ‘सुतीसारखेच’ म्हणून घेतले जाते. हे म्हणणे अर्धे खरे आहे. कापूस व रेयॉन या दोहोंचे मूळ द्रव्य सेल्युलोजच. परंतु कापसाचा तंतू झाडावर तयार होतो, तर रेयॉनचा कारखान्यात. म्हणूनच रेयॉनला अर्धकृत्रिम तंतू म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

निर्मिती : सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही आणि तापविल्यास वितळण्याआधीच करपते. त्यामुळे नायलॉनप्रमाणे वितळवून त्याचे सूत काढता येत नाही. क्रॉस, बेव्हन व बीडल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १८९२ मध्ये यावर तोडगा काढला. लाकडाचा शुद्ध लगदा कॉस्टिक सोड्याच्या सुमारे १८ टक्के द्रावणात भिजवून पिळतात, कुस्करतात आणि मुरू देतात. नंतर त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया घडवून तो सौम्य कॉस्टिक सोड्यात विरघळवितात. या मधासारख्या दाट द्रावास ‘व्हिस्कोज’ म्हणतात. सूक्ष्म छिद्रांतून तो गंधकाम्लाच्या कुंडात सोडताच सेल्युलोज पुन्हा घनरूप होऊन तंतू बनतो.

उपयोग : रेयॉन ११ ते १३ टक्के आर्द्रता धरतो, कापूस सुमारे ८ टक्के. त्यामुळे तो उष्ण हवामानात सुखद वाटतो. मात्र ओला झाल्यावर त्याची मजबुती जवळजवळ निम्म्यावर येते. साड्या, अस्तर, भरतकामाचा धागा आणि टायरमधील दोर यांसाठी तो वापरला जातो. महाराष्ट्रात हा उद्योग कल्याण परिसरात वाढला. शहाड येथील सेंच्युरी रेयॉन १९५६ मध्ये सुरू झाला. मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला.

मर्यादा : कार्बन डायसल्फाइड अतिज्वलनशील असून त्याच्या दीर्घ संपर्काने मज्जासंस्था व हृदय यांना अपाय होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शहाडच्या कारखान्यात टँकरच्या स्फोटात कामगारांचा मृत्यू झाला. लायोसेल या नव्या पद्धतीत हे रसायन लागत नाही. तिच्यातील द्रावक ९९ टक्क्यांहून अधिक प्रमाणात परत मिळवून पुन्हा वापरता येतो.

सारांश, तंतू वनस्पतिजन्य असला म्हणजे त्याची निर्मिती निर्धोक ठरत नाही. वस्त्राचे मूल्यमापन करताना कच्च्या मालाबरोबरच तो विरघळविणाऱ्या रसायनाचाही विचार व्हावयास हवा, आणि रसायनशास्त्राच्या अध्यापनातही त्यास स्थान मिळावे.