लॅटिन क्रियापदांचा वर्तमानकाळ

आमगाव, सालेकसा, देवरी, तिरोडा, कोठेही जावे; 'व्हिडिओ' आणि 'ऑडिओ' हे दोन शब्द ज्याच्या तोंडी नाहीत असा मुलगा आता आमच्या गोंदिया जिल्ह्यात सापडणे कठीण. परंतु हे दोन शब्द मुळात वस्तूंची नावे नसून पुरी वाक्ये आहेत, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. प्राचीन रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत 'विदेओ' म्हणजे 'मी पाहतो' आणि 'औदिओ' म्हणजे 'मी ऐकतो'. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतील ५ स्थायी सभासदांस जो 'व्हीटो'चा अधिकार आहे, त्याचाही अर्थ इतकाच की 'मी मना करतो'. ही तिन्ही क्रियापदे वर्तमानकाळी प्रथमपुरुषी एकवचनी आहेत. तेव्हा ज्या विद्यार्थ्यास लॅटिनचे नाव ऐकताच धडकी भरते, त्याने लॅटिन क्रियापदांच्या अभ्यासास नकळत आरंभ केलेलाच आहे, असे आम्ही समजतो.

लॅटिन आता कोणाची मातृभाषा राहिलेली नाही, परीक्षेस ती बहुधा नेमलेली नसते, मग हा उपद्व्याप कशास, असे कित्येक पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकांतून आमची मुले जी शेकडो नावे घोकतात ती बहुतेक लॅटिन साच्याची असतात, आणि अर्थ न कळता घोकलेले नाव परीक्षा संपताच विसरले जाते. आमच्या जिल्ह्याचे मुख्य पीक जे भात, त्याचे शास्त्रीय नाव 'ओरायझा सटायव्हा'. लिनीयस नामक स्वीडिश शास्त्रज्ञाने ते १७५३ साली ग्रंथात नोंदविले. यातील दुसरे पद 'सेरो' म्हणजे 'मी पेरतो' ह्या क्रियापदापासून आलेले असून त्याचा अर्थ 'पेरलेली, लागवडीची' असा होतो. उलट, रानात आपोआप उगवणाऱ्या एका भाताच्या जातीस १९६५ साली नाव देण्यात आले ते 'ओरायझा निवारा'; त्यातील दुसरे पद आपल्या संस्कृतातील 'नीवार' होय! एवढे कळल्यावर ही दोन नावे विसरू म्हटले तरी विसरत नाहीत.

आता विषयाकडे वळू. संस्कृतात धातूंचे १० गण असतात, हे वरच्या वर्गातील विद्यार्थी जाणतातच. लॅटिनमध्ये गण अवघे ४. कोणते क्रियापद कोणत्या गणातले, हे त्याच्या 'णे'कारान्त रूपावरून, म्हणजे 'पाहणे', 'ऐकणे' अशा अर्थाच्या रूपावरून ओळखावयाचे. हबितारे (राहणे) हे पहिल्या गणाचे, विदेरे (पाहणे) दुसऱ्याचे, सेरेरे (पेरणे) तिसऱ्याचे आणि औदीरे (ऐकणे) चौथ्याचे. दुसरा व तिसरा गण लिहिताना सारखेच दिसतात, कारण लॅटिनमध्ये 'ए' हा स्वर ऱ्हस्वही असतो व दीर्घही, आणि आपल्या लिपीत ऱ्हस्व 'ए'ला निराळे चिन्ह नाही. येथे कानाचे साहाय्य घ्यावे. विदेरे म्हणताना जोर 'दे'वर पडतो. सेरेरे म्हणताना तो पहिल्या 'से'वर पडतो.

पहिला गण असा चालतो: हबितो, हबितास्, हबितत्, हबितामुस्, हबितातिस्, हबितन्त्. म्हणजे मी राहतो, तू राहतोस, तो राहतो. आम्ही राहतो, तुम्ही राहता, ते राहतात. हे क्रियापद आम्ही मुद्दाम निवडले आहे. भातबांध्यांतून व तलावांच्या काठी जोडीने हिंडणारा सारस पक्षी आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे, आणि त्याच्याविषयी वाचताना 'हॅबिटॅट' हा शब्द वारंवार भेटतो. मराठीत त्याला आपण 'अधिवास' म्हणतो व नाम समजून वापरतो. परंतु ते नाम नव्हे. जुने निसर्गशास्त्रज्ञ लॅटिनमध्ये वर्णन लिहीत, तेव्हा प्राण्याचे वा वनस्पतीचे नाव देऊन पुढे 'हबितत् अमुक ठिकाणी', म्हणजे 'अमुक ठिकाणी राहतो', असे लिहिण्याची रीत होती. त्यातले क्रियापद पुढे सुटे होऊन नाम बनले. तृतीयपुरुषी एकवचनाचा 'त्' मात्र त्याच्या शेवटी अद्याप तसाच चिकटून राहिला आहे.

ह्या शेवटच्या अक्षरांतच सारे रहस्य आहे. ओ, स्, त्, मुस्, तिस्, न्त् हे सहा प्रत्यय पाठ झाले की चारही गणांचे निम्म्याहून अधिक काम झाले. आणि ज्याने संस्कृत घेतले आहे त्याला तर ते पाठही करावयास नकोत. भरसि, भरति, भरामः, भरथ, भरन्ति ही रूपे म्हणून पाहावी आणि लगेच त्याच अर्थाच्या लॅटिन 'फेरो' (मी वाहून नेतो) ह्या क्रियापदाची फेर्स्, फेर्त्, फेरिमुस्, फेर्तिस्, फेरुन्त् ही रूपे म्हणावी. 'सि'च्या जागी स्, 'ति'च्या जागी त्, 'मः'च्या जागी मुस्, 'न्ति'च्या जागी न्त्. फक्त प्रथमपुरुषी एकवचनात संस्कृतात 'मि' येतो तेथे लॅटिनमध्ये 'ओ' येतो. पण 'असणे' ह्या क्रियापदात त्याचाही माग राहिला आहे. सुम्, एस्, एस्त्, सुमुस्, एस्तिस्, सुन्त् ह्या रूपांशेजारी अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति मांडून पाहिल्यास दोन बहिणी एका आरशापुढे उभ्या असल्याचा भास होतो. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या एकाच उगमाच्या असाव्यात असे प्रतिपादन केले, ते अशाच साम्यांच्या बळावर.

दुसऱ्या गणात 'ए' सर्वत्र टिकतो: विदेओ, विदेस्, विदेत्, विदेमुस्, विदेतिस्, विदेन्त्. येथील 'विद्' हा संस्कृतातील 'जाणणे' अर्थाच्या 'विद्' धातूचा सख्खा भाऊ होय. त्यात अडचणीचे काही नाही.

अडचण येते ती तिसऱ्या गणात. सेरो, सेरिस्, सेरित्, सेरिमुस्, सेरितिस्, सेरुन्त्. 'सेरेरे'मध्ये ऐकू येणारा मधला 'ए' येथे नाहीसा होतो, त्याच्या जागी 'इ' येतो आणि शेवटच्या रूपात एकदम 'उ' येतो. नवे विद्यार्थी येथे हटकून 'सेरेन्त्' लिहितात. त्यास उपाय एकच: आषाढात बांधीत पऱ्हे टाकताना, रोवणीच्या वेळी पाय चिखलात असताना, ही सहा रूपे मोठ्याने म्हणावी. मी पेरतो, तू पेरतोस, असे बोलत हाताने तेच काम करणाऱ्या मुलाला 'सेरुन्त्'मधला 'उ' पुस्तकात डोके घालून बसलेल्यापेक्षा लवकर साधतो, असे आमचे मत आहे. चौथा गण यापुढे सोपाच: औदिओ, औदीस्, औदित्, औदीमुस्, औदीतिस्, औदिउन्त्. केवळ शेवटी 'इ' आणि 'उ' दोन्ही येतात, एवढे ध्यानी ठेवावे.

लॅटिन क्रियापदाला कर्त्याचे सर्वनाम लागत नाही. आपणही घरातून निघताना 'येतो हं' एवढेच म्हणतो. 'मी' म्हणत नाही. परंतु मराठीत 'येतो' हे 'मी'चेही रूप आणि 'तो'चेही. जुन्या लेखनात 'मी येतों' यावर अनुस्वार देऊन व 'तो येतो' तसेच ठेवून हा भेद डोळ्यांना दाखवीत असत. १९६२ च्या लेखननियमांनी तो अनुस्वार गेला. लॅटिनमध्ये प्रत्ययच निराळे असल्यामुळे असा घोटाळा होत नाही. 'तुम्ही'च्या बाबतीत मात्र रोमन लोक आपल्याहून रुक्ष म्हटले पाहिजेत. त्यांच्या अभिजात भाषेत 'तिस्' हा प्रत्यय अनेकांसाठीच असे, आदरासाठी नव्हे. सम्राटालाही 'तू विदेस्' असेच म्हणत. आमच्या शाळेत मास्तरांस असे कोणी म्हणून पाहू नये!

आता एक गोष्ट पालकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. मराठी वर्तमानकाळाचे रूप मूळ धातुसाधितापासून बनलेले असल्यामुळे त्याला लिंग आहे: मुलगा 'मी पाहतो' म्हणतो, मुलगी 'मी पाहते'. लॅटिनमध्ये दोघेही 'विदेओ'. परंतु आमच्या विदर्भातील पुष्कळ घरांत मुली व बायाही 'मी जातो', 'मी येतो' असेच म्हणतात, आणि अशी मुलगी शहरी शाळेत आली की वर्गात हशा पिकतो. तिची बोली झाडीबोली असेल वा पोवारी. दोनचार वेळा हसू झाले की ती वर्गात तोंड उघडेनाशी होते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पुस्तकी मराठी तिने शिकावीच. परंतु हसणाऱ्यांनी हेही शिकावे की, प्रथमपुरुषात लिंगभेद न करणे हा अडाणीपणा असेल तर संस्कृत आणि लॅटिन ह्या दोन्ही भाषा अडाणी ठरतात. आणि ज्यांच्या घरी गोंडी बोलली जाते त्यांची भाषा द्राविड कुळातली, संस्कृताशी वा लॅटिनशी तिचे मुळात नाते नाही. तरीही तिच्या क्रियापदाला पुरुषाचे व वचनाचे प्रत्यय नीट लागतात. गोंडी मुलाला 'प्रत्यय' ही वस्तू कोणी नव्याने शिकवावयाची नाही.

शिवाय खुद्द लॅटिनचे काय झाले? खेड्यापाड्यांतील लोकांनी 'विदेमुस्' झिजवून झिजवून 'वेमोस्' केले. व्याकरणकारांच्या दृष्टीने ती चूक होती. आज तेच स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांतले शुद्ध रूप आहे.

लॅटिन व्याकरणाचा आपल्या मुलखाशी संबंध जुना आहे. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, आणि त्यांनी पोर्तुगीज भाषेत लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, तेथेच प्रसिद्ध झाले. ते लॅटिन व्याकरणाच्या चौकटीवर रचलेले आहे. त्या काळी लॅटिन जाणणारा मनुष्य लॅटिनच्या आधाराने आपली भाषा शिकला. आपण आपल्या भाषांच्या आधाराने लॅटिनकडे जात आहोत.

चार गणांत न बसणारे एक क्रियापद सांगून अभ्यासाकडे वळतो. 'जाणे' अर्थी एओ, ईस्, इत्, ईमुस्, ईतिस्, एउन्त्. संस्कृत एति, इमः, इथ यांच्याशी ते ताडून पाहावे. 'इत्'मागे 'बाहेर' अर्थाचे उपपद लावले की 'एक्झित्' होते, 'तो बाहेर जातो'. चित्रपटगृहाच्या दारावर जो 'एक्झिट' लिहिलेला असतो तो हाच. प्रश्न विचारावयाचा असल्यास क्रियापदाच्या शेवटी 'ने' जोडावा: विदेस्ने? म्हणजे 'पाहतोस का?'

अभ्यासासाठी 'ग्रुस्' म्हणजे क्रौंचकुळातील पक्षी, त्याचे कर्मरूप 'ग्रुएम्' आणि अनेकवचन 'ग्रुएस्' एवढे शब्द घ्यावे. भाताचे कर्मरूप 'ओरिझाम्'. पुढील वाक्यांचे पुरुष, वचन व गण ओळखून मराठी करावे: ग्रुएम् विदेओ. ओरिझाम् सेरिमुस्. ग्रुएस् औदिउन्त्. ग्रुएम् विदेतिस्ने? आणि 'सारस येथे राहतात' याचे लॅटिन करून आणावे. 'येथे' यास 'हीक्' म्हणावे, क्रियापद शेवटी ठेवावे, आणि 'हबितत्' लिहावयाचे की 'हबितन्त्', हे ज्याचे त्याने ठरवावे.