सभागृहाच्या कचेरीचा हिशेब

पंचायत राज समिती तपासणीस येणार असली म्हणजे सातारा काय आणि सांगली काय, जिल्हा परिषदेच्या कचेरीत कशी धांदल उडते, हे ज्या विद्यार्थ्यांचे वडील तेथे नोकरीस आहेत त्यांस सांगावयास नको. रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात, जुन्या नस्त्यांवरील धूळ झटकली जाते, हरवलेल्या पावत्यांचा शोध लागतो अथवा लागत नाही. ही समिती म्हणजे आपल्या राज्याच्या विधानमंडळातील काही सभासद होत. जिल्हा परिषदांच्या हिशेबांवर जे आक्षेप निघाले असतील, त्यांविषयी त्या त्या अधिकाऱ्यांस समोर बसवून जाब विचारणे हे त्यांचे काम.

अशाच एका धांदलीनंतर आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलाने नागरिकशास्त्राच्या तासाला उभे राहून विचारले, “सर, हे लोक बाबांच्या कचेरीचा हिशेब विचारतात. मग त्यांच्या येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च कोण तपासतो?” वर्ग हसला. आम्हीही हसलो, परंतु उत्तर मात्र त्या दिवशी नीटसे देता आले नाही. ते आता देत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, सभागृह निराळे आणि सभागृहाची कचेरी निराळी. विधानसभेचे २८८ व विधान परिषदेचे ७८ सभासद मुंबईस व हिवाळ्यात नागपुरास जमतात, बोलतात, मते देतात आणि परत जातात. त्यांच्यामागे जी कचेरी बारमाही चालते तिचे नाव महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय. सभासदांचे वेतन व भत्ते, माजी सभासदांचे निवृत्तिवेतन, कार्यवृत्तांची छपाई, लघुलेखक, रखवालदार, समित्यांचे दौरे, या सर्वांचा पैसा तिच्या हातून जातो. तेव्हा सांगलीस आलेल्या समितीच्या प्रवासाचे देयक याच कचेरीत तयार होते.

ही कचेरी सरकारच्या खात्यांपैकी एक नव्हे. तसे का, हे समजण्यास थोडे मागे जावे लागते. इंग्रजी अमदानीत दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे चिटणीस व कारकून हे सरकारच्याच नोकरीतले असत. म्हणजे सरकारला प्रश्न विचारणाऱ्या सभेची लेखणी सरकारच्या हाती! विठ्ठलभाई पटेल १९२५ मध्ये त्या सभेचे अध्यक्ष झाले, तेव्हा ही गोष्ट त्यांस खटकली. ज्याने सरकारला जाब विचारावयाचा, त्याच्या कारकुनाची बढती सरकारच्या मर्जीवर असू नये, असा त्यांचा आग्रह होता. पुष्कळ ओढाताण होऊन १९२९ च्या जानेवारीत सभेसाठी अध्यक्षांच्या अधिकाराखाली स्वतंत्र कचेरी निर्माण झाली. पुढे १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या १८७ व्या अनुच्छेदात राज्यांच्या विधानमंडळांसही अशीच वेगळी कचेरी देण्यात आली.

येथेच आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाची खरी गोम आहे. कचेरी स्वतंत्र आहे हे चांगलेच. पण स्वतंत्र म्हणजे बिनहिशेबी काय?

तसे नाही. तिचा खर्च दोन प्रकारांनी अंदाजपत्रकात दाखविला जातो. विधानसभेचे अध्यक्ष व उपाध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती व उपसभापती यांचे वेतन व भत्ते ‘भारित’ असतात. त्यांवर चर्चा करता येते, पण मत घेता येत नाही. कारण पीठासनावरील मनुष्याने आपल्या पगारासाठी रोज बहुमताच्या तोंडाकडे पाहू नये. बाकीचा खर्च ‘दत्तमत’, म्हणजे सभागृहाच्या मताने मंजूर होणारा. या पीठासनाशी आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा ऋणानुबंध जुना आहे. विधान परिषदेचे सभापती म्हणून तासगावकडच्या विसापूरचे वि. स. पागे हे १९६० ते १९७८ पर्यंत होते. रोजगार हमी योजनेची मूळ कल्पना त्यांचीच. पुढे शिराळा तालुक्यातील कोकरूडचे शिवाजीराव देशमुख २००४ पासून २०१५ पर्यंत व त्यांच्यानंतर फलटणचे रामराजे नाईक-निंबाळकर २०२२ पर्यंत त्या आसनावर होते.

परंतु खर्च भारित असो वा दत्तमत, तो राज्याच्या एकत्रित निधीतून झाला की त्याची लेखापरीक्षा भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे जाते. १९७१ च्या कायद्याने त्यांस राज्याच्या निधीतून झालेला सर्व खर्च तपासण्याचे कर्तव्य घालून दिले आहे. त्यात विधानमंडळाची कचेरी वगळलेली नाही. मुंबईस व नागपुरास त्यांचे महालेखापाल बसतात, आणि त्यांच्या हाताखालची तपासनीस मंडळी इतर कचेऱ्यांप्रमाणे येथेही दप्तर मागू शकतात.

ती काय पाहतात? सभागृहात कोण काय बोलले, कोणता ठराव का फेटाळला, याच्याशी त्यांस कर्तव्य नाही. त्यांचे काम कागदाशी. समजा, एका सभासदाने अमुक दिवशी समितीच्या बैठकीस हजर असल्याचा दैनिक भत्ता घेतला. तर हजेरीच्या वहीत त्या दिवशी त्याची सही आहे काय? त्याच दिवशी दुसऱ्या गावच्या बैठकीचाही भत्ता लागला नाही ना? नागपूरच्या अधिवेशनासाठी कचेरीने आगाऊ रक्कम उचलली असेल, तर तिचे तपशीलवार देयक नंतर वेळेवर सादर झाले का? मंडप, खुर्च्या, कागद यांच्या खरेदीस निविदा मागविल्या होत्या काय, मंजुरी देणाऱ्यास तितका अधिकार होता काय, आणि माल साठ्याच्या वहीत जमा आहे काय? हे सारे रुक्ष वाटेल. पण सादिलवार खर्चाच्या नावाखाली किती मोठी भोके लपू शकतात, हे जो कधी संसाराचा जमाखर्च ठेवीत असेल त्यास ठाऊक आहे.

आमचाच एक अनुभव येथे सांगण्यास हरकत नाही. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांस विधानभवन दाखविण्यासाठी आम्ही मुंबईस सहल नेली. परत आल्यावर दुपारच्या जेवणाची ६४० रुपयांची पावती सापडेना. आमच्या वृद्ध हेडक्लार्कांनी तो आकडा लाल शाईने वेढून कागद आमच्यापुढे सरकविला. आम्हांस राग आला. इतकी वर्षे शिकवून आमच्या शब्दास किंमत नाही काय, असे आम्ही बोलूनही गेलो. ते शांतपणे म्हणाले, “सर, विश्वास होता म्हणूनच तर आगाऊ पैसे दिले. पावती माझ्यासाठी नाही. उद्या मीही नसेन, तुम्हीही नसाल, त्या वेळी हा कागद उघडील त्याच्यासाठी आहे.” ते ६४० रुपये आम्ही पदरचे भरले. राग मात्र ओसरावयास दोन दिवस लागले, हेही कबूल करतो.

सही आहे म्हणजे खर्च खरा, असे मानण्याचा परिणाम काय होतो हे पाहावयाचे असेल तर इंग्लंडकडे पाहावे. पार्लमेंटांची जननी म्हणून ज्या सभेचा गौरव होतो, त्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये सभासदांच्या भत्त्यांच्या बाबतीत, मागणीवर सभासदाची सही असली की तिच्यामागे जाऊन तपासनिसांनी पाहू नये, अशी रीत पडली होती. २००९ च्या मे महिन्यात एका वर्तमानपत्राने त्या मागण्या छापल्या, तेव्हा दुसऱ्या घराच्या नावाखाली, बागेच्या नावाखाली, वाड्याभोवतीच्या खंदकाच्या सफाईच्या नावाखालीही पैसे मागितल्याचे उघड झाले. काहींनी पैसे परत केले, काही तुरुंगात गेले, आणि अध्यक्ष मायकेल मार्टिन यांस आसन सोडावे लागले. १६९५ नंतर अशी पाळी कोणत्याही अध्यक्षावर आली नव्हती. त्याच वर्षी कायदा करून सभासदांच्या भत्त्यांचे काम सभेच्या कचेरीकडून काढून एका स्वतंत्र संस्थेकडे देण्यात आले. लबाड लोक सर्वत्र असतात. पण तेथे लबाडीपेक्षा भिडेनेच अधिक घात केला, असे आमचे मत आहे. सभासदाला विचारावे कसे, या संकोचात कारकून गप्प राहिले.

आपल्याकडे हिशेब तपासण्याची विद्या नवी नाही. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत अमात्य, म्हणजे मुजुमदार, जमाखर्चावर देखरेख ठेवीत. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आजही उभा आहे. सहलीस गेलेल्यांनी तो पाहिला असेलच. पण मुजुमदार झाला अथवा फडणीस झाला, तरी तो धन्याचाच चाकर. धन्याचा हिशेब चाकराने कसा विचारावा? महालेखापरीक्षकांची नेमणूक राष्ट्रपती करतात, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच त्यांस काढणे दुर्घट आहे, आणि निवृत्तीनंतर त्यांस केंद्र वा राज्य सरकारची दुसरी नोकरी पत्करता येत नाही. ज्याला कोणाची मर्जी राखावयाची नाही, त्यालाच हे काम सोपविले आहे.

तरीही एक सांधा कच्चा आहे, तो लपवून उपयोग नाही. महालेखापरीक्षकांचा अहवाल राज्यपालांमार्फत विधानमंडळापुढेच ठेवला जातो. तो तपासते विधानमंडळाचीच लोकलेखा समिती. आणि त्या समितीस कागद पुरविते, बैठका बोलाविते, टिपणे लिहून देते ते विधानमंडळाचेच सचिवालय. इतर खात्यांच्या बाबतीत ही व्यवस्था उत्तम आहे. स्वतः सचिवालयावरच आक्षेप निघाला, तर मात्र आरोपीनेच न्यायाधीशाची टाचणे काढावी असा प्रकार होतो. लोकसभेत १९६७ पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात पडला, आणि पहिला मान मिनू मसानी यांस मिळाला. त्याने सत्ताधारी पक्षाची भीड काहीशी मोडली, पण कचेरीची भीड त्याने मोडत नाही. २००५ चा माहितीचा अधिकार विधानमंडळाच्या सचिवालयासही लागू आहे. तेव्हा एखादा पालक दहा रुपयांच्या शुल्कानिशी समितीच्या दौऱ्याचा खर्च लेखी विचारू शकेल.

हे सारे आम्ही त्या मुलास सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले व मग विचारले, “सर, आपल्या विद्यार्थी-सभेचा हिशेब कोण तपासतो?” त्या सभेचे खजिनदार गेली सहा वर्षे आम्हीच आहोत, आणि आजवर तो कोणीच तपासलेला नव्हता. कीर्द आता हेडक्लार्कांच्या टेबलावर ठेविली आहे. दहावीचे दोन विद्यार्थी व एक पालक ती पाहत आहेत. हा मजकूर छापखान्यात जाईपर्यंत ८५ रुपयांचा ताळा जमलेला नाही.